फिश टँकच्या यूव्हीत वॉट नंतर बघा, आधी पाण्याची धार मोजा

फिश टँकचं पाणी हिरवं पडलं की दुकानदार यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, लावायला सांगतो आणि लगेच विचारतो, "भाऊ, टाकी किती फुटी?" तीन फुटी म्हटलं की नऊ वॉटचा डबा काउंटरवर येतो, चार फुटी म्हटलं की अकराचा नाहीतर तेराचा. सौदा झाला. यात दोन प्रश्न राहूनच जातात. यूव्ही नेमका कशासाठी हवा आहे, आणि त्या दिव्यासमोरून पाणी किती वेगानं जाणार आहे? आपल्याकडे, अमरावती-अकोल्यापासून चंद्रपूर-गोंदियापर्यंतच्या गावांत, तिसराही एक प्रश्न विचारायला हवा. टाकीत पाणी कुठलं घालता, बोअरचं, नळाचं की आरओच्या जारचं? टाकीची लांबी या सगळ्यानंतर येते.

आधी दिवा काय करतो ते बघू.

सूर्यप्रकाशात अतिनील किरणं असतात हे आपल्याला ठाऊक असतं, पण जंतू मारणारा त्यातला पट्टा, ज्याला यूव्ही-सी म्हणतात, तो वरच ओझोनच्या थरात अडतो. जमिनीवर तो पोचत नाही, म्हणून दिव्यातून तयार करावा लागतो. दिव्यात अगदी थोडा पारा असतो. वीज सोडली की त्याची वाफ २५४ नॅनोमीटरची किरणं टाकते. ही किरणं जंतूच्या डीएनएमध्ये नको तिथे गाठी मारतात. जंतू त्या क्षणी मरतोच असं नाही, पण त्याला पुढे विभागता येत नाही, आणि न विभागणारा जंतू आपल्या दृष्टीनं संपलेलाच. पिण्याचं पाणी असं शुद्ध करण्याचा प्रयोग फ्रान्समधल्या मार्सेय शहरात १९१० सालीच झाला होता. आज घरोघरी भिंतीवर टांगलेल्या यूव्ही फिल्टरमध्ये हाच दिवा असतो.

आपल्याला दिसतो तो निळा उजेड म्हणजे यूव्ही नव्हे. २५४ नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही. निळं दिसतं ते त्याच पाऱ्याच्या वाफेतून जोडीला निघणारं साधं तेज. म्हणून दिवा निळा पेटतोय याचा अर्थ तो काम करतोय असा होत नाही. या वाक्याची किंमत पुढे वर्षभरानं कळते.

दुसरी गोष्ट, साधी काच ही किरणं अडवते. दिवा ज्या नळीत बसवलेला असतो ती क्वार्ट्झची असते, कारण क्वार्ट्झमधून यूव्ही-सी पार जातं. ती नळी फुटली म्हणून साध्या काचेची बसवली तर दिवा छान दिसेल आणि पाण्यापर्यंत काहीच पोचणार नाही.

यूव्ही कशावर चालतो, कशावर नाही

यूव्ही फक्त दिव्यासमोरून वाहत जाणाऱ्या गोष्टीवर चालतो. पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ, तरंगणारे जीवाणू, परजीवीची पोहणारी पिल्लं, एवढंच. काचेला चिकटलेलं शेवाळ, लाकडावरचं काळं केसाळ शेवाळ, रेतीतली घाण, माशाच्या अंगावर आधीच रुतलेला रोग, यातलं काहीही दिव्यासमोर येत नाही, म्हणून यूव्हीला त्याचा पत्ताच नसतो. अमोनियावरही त्याचा परिणाम नाही. उलट बाजूनं फायदा असा की फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि रेतीत वसलेले चांगले जीवाणूही जागचे हलत नाहीत, त्यामुळे यूव्ही लावला की फिल्टर मरतो ही भीती खोटी आहे. फक्त नव्या टाकीत बाटलीतले जीवाणू ओतले असतील तर ते फिल्टरमध्ये बसेपर्यंत दिवा बंद ठेवावा. औषध टाकलं असेल तेव्हाही बंद, कारण काही औषधं या किरणांनी तुटतात.

म्हणून खरेदीआधी पाणी एका पारदर्शक बाटलीत भरा आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. बाटलीतलं पाणीच हिरवं दिसलं तर तरंगतं शेवाळ आहे, आणि तिथे यूव्हीसारखा उपाय नाही. तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात फरक दिसतो. बाटलीत पाणी स्वच्छ आणि काच मात्र हिरवी, तर यूव्हीचे पैसे वाया. नवी टाकी मांडल्यावर पाणी दुधट होतं, ते जीवाणूंचं असतं आणि बहुतेकदा आपोआप निवळतं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, ती माती आहे. माती यूव्हीनं निवळत नाही, उलट मातीच्या कणांच्या सावलीत जंतू सुखरूप निसटतात. असं पाणी ड्रममध्ये दोन दिवस स्थिर ठेवून वरचंच घ्यावं.

हिरव्या पाण्यासाठीही मी आधी यूव्ही सांगत नाही. आधी उजेड बघा. टाकी खिडकीसमोर असेल, सकाळचं किंवा उतरतीचं ऊन सरळ पडत असेल, वरचा दिवा रात्री अकरापर्यंत चालू राहत असेल, तर शेवाळाला आपणच पंगत वाढून ठेवली आहे. दिवा सहा-सात तासांवर आणा. तीन-चार दिवस टाकीवर जाड चादर टाकून पूर्ण अंधार करा, खाणं अगदी कमी द्या, हवेचा पंप चालू ठेवा. पुष्कळ टाक्या एवढ्यावरच निवळतात, खर्च शून्य. दुसरं कारण पाण्यातच असतं. आजूबाजूला कपाशी-संत्र्याला युरिया पडतो, तो झिरपून विहिरी-बोअरमध्ये नायट्रेटच्या रूपानं उतरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे. तुमच्या बोअरचा आकडा त्याच्या वर असेल तर दर आठवड्याचं पाणी बदलणं म्हणजे दर आठवड्याला शेवाळाला खत घालणं. अशा वेळी यूव्ही शेवाळ मारत राहील आणि बोअर ते वाढवत राहील. तपासणीची पट्टी स्वस्त मिळते, एकदा बुडवून बघावी.

जाता जाता, आपल्या भागात हिरवं पाणी ही नेहमीच तक्रार नसते. रोहू-कतल्याच्या तळ्यात शेण टाकून पाणी मुद्दाम हिरवं केलं जातं, कारण तेच पिल्लांचं खाद्य. अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात गप्पी माशांची बारकी पिल्लं सोडली असतील तर त्या पाण्याला यूव्ही लावू नका, त्यांचं ताट उचलल्यासारखं होईल.

रोगासाठी यूव्ही हवा असेल तर हिशोब वेगळा. सगळ्यात नेहमीचा रोग पांढरे ठिपके, म्हणजे व्हाइट स्पॉट किंवा इक. याचा परजीवी माशाच्या कातडीखाली बसतो, पोट भरलं की गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि ती पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. मासा मिळाला नाही तर एक-दोन दिवसांत संपतात. यूव्हीला मारता येते ती फक्त ही मधली पोहणारी अवस्था. म्हणजे यूव्ही हा रोगाचा इलाज नाही. एका माशाचा रोग सगळ्या टाकीत पसरण्याचा वेग तो कमी करतो, एवढंच. आणि आपल्याकडे हा रोग कधी येतो तेही बघा. पाणी ३० अंशांच्या वर गेलं की या परजीवीचं फारसं चालत नाही, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३० च्या वरच असतं. तो येतो डिसेंबर-जानेवारीत, रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि दुपारी पुन्हा चढतो तेव्हा. म्हणून ज्याच्याकडे हीटर नाही त्यानं रोगासाठी यूव्ही घेण्याआधी हीटर घ्यावा. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवणं हे तर हीटरपेक्षाही स्वस्त.

एवढं सगळं करूनही यूव्ही हवाच असेल, तर आता आकाराचं बोलू.

मात्रा म्हणजे ताकद गुणिले वेळ

कपाशीवर फवारणी करताना औषध तेच, पंप तोच, पण माणूस ओळींमधून भराभर चालत गेला तर पानावर पुरेसं औषध बसत नाही. सावकाश चालला तर बसतं. यूव्हीचंही असंच आहे, फक्त इथे पंप जागेवर असतो आणि पीक पळतं. जंतूवर किती किरणं पडली हे दोन गोष्टींवर ठरतं, दिव्याची ताकद आणि जंतू दिव्यासमोर किती सेकंद होता. दोन्हींचा गुणाकार म्हणजे मात्रा. ती मिलीज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात, पुढे मी नुसतं मिलीज्यूल म्हणतो.

पाण्यात तरंगणारे बहुतेक जीवाणू ५ ते २० मिलीज्यूलमध्ये निकामी होतात. हिरव्या शेवाळासाठी १५ ते ३० धरून चालावं. व्हाइट स्पॉटच्या पिल्लांना साधारण १०० लागतात. पिण्याच्या पाण्यासाठी यूव्ही यंत्रांना ४० चा निकष लावला जातो. हे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांच्यातलं अंतर खरं आहे. शेवाळ आणि परजीवी यांच्यात तीन ते सहा पटींचा फरक आहे. डब्यावर '२०० लिटरपर्यंत' असं छापलेलं असतं ते बहुधा शेवाळासाठीचं असतं, तेही नवा दिवा, स्वच्छ नळी आणि निवळ पाणी धरून. रोगाचा आकडा वेगळा छापायची तसदी फार थोडे घेतात.

आता एक उदाहरण घेऊ. वीज जेवढी खाल्ली जाते त्यातली साधारण पाव ते एकतृतीयांशच यूव्ही-सी म्हणून बाहेर पडते, बाकी उष्णता. नऊ वॉटच्या दिव्यातून सव्वादोन-अडीच वॉट यूव्ही-सी निघतं. तो सहाएक सेंटिमीटर रुंद नळकांड्यात बसवला, तर आत पाव लिटर पाणी मावतं आणि त्या पाण्यावर सरासरी १० मिलीवॉट प्रति चौरस सेंटिमीटर एवढी ताकद पडते असं धरू. मग हिशोब तोंडी होतो. पाणी आत किती सेकंद राहतं? ९०० भागिले पंपाचे ताशी लिटर. आणि सेकंदांना १० नं गुणलं की मिलीज्यूल.

पंप ताशी ९०० लिटरचा असेल तर पाणी आत १ सेकंद राहतं, मात्रा १०. शेवाळही धड मरणार नाही. पंप ३०० चा असेल तर ३ सेकंद, मात्रा ३०. शेवाळाचं काम झालं. पंप ९० वर आणला तर १० सेकंद, मात्रा १००. आता परजीवीही सुटत नाही. दिवा तोच, वॉट तेच. शेजारचा एक पोरगा मला म्हणाला होता, "काका, म्या पंप मोठाच घेतला, पानी लवकर साफ होईन मनून." पाणी लवकर फिरतं, साफ होत नाही, ते असं. घरच्या यूव्ही फिल्टरमध्ये अकरा वॉटच्या दिव्यासमोरून मिनिटाला एक-दोन लिटरच पाणी सोडतात, म्हणजे ताशी शंभरच्या आसपास. त्याच दिव्यासमोरून फिश टँकवाले हजार लिटर पळवतात आणि त्याला स्टरिलायझर, म्हणजे जंतू मारणारं यंत्र, म्हणतात.

मग धार अगदी बारीक का करू नये? कारण दुसरी बाजूही आहे. टाकीतलं पाणी रांगेत उभं राहून दिव्यासमोर येत नाही. दिव्यातून गेलेलं पाणी पुन्हा टाकीतच मिसळतं आणि तेच पाणी परत परत आत येतं. टाकीएवढं पाणी एकदा पंपातून गेलं तरी प्रत्यक्षात ६३ टक्केच पाणी दिव्याखालून गेलेलं असतं. दोनदा गेलं की ८६ टक्के, तीनदा गेलं की ९५. शेवाळ दिवसाला दुप्पट होऊ शकतं, परजीवीची पिल्लं काही तासांतच मासा गाठू शकतात. म्हणून धार इतकीही मंद नको की पाणी दिव्यापर्यंत पोचायच्या आत शत्रूची कामगिरी उरकलेली असेल. शेवाळासाठी तासाला टाकीच्या एक ते तीन पट पाणी फिरावं. रोगासाठी तासाला निदान एकदा तरी, आणि मात्रा मात्र शंभराच्या जवळ. या दोन अटी एकदम पाळायच्या तर वॉट वाढवावेच लागतात. वॉटचं काम इथे सुरू होतं, त्याआधी नाही.

आता टाकीचे लिटर काढा. लांबी, रुंदी, उंची इंचात घेऊन गुणा आणि ६१ नं भागा. ३६ बाय १२ बाय १८ इंची टाकी म्हणजे १२७ लिटर. रेती, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली की खरं पाणी शंभर-एकशेपाच लिटर. या टाकीला हिरव्या पाण्यासाठी ताशी ३०० लिटरची धार आणि नऊ वॉट पुरेसे आहेत, सातही चालतील. रोगासाठी याच टाकीत धार ९०-१०० वर आणा, नऊ वॉट तेही काम बऱ्यापैकी करतील. तासाला एक फेरी होते, मात्रा शंभर. छोट्या टाकीत एकच यंत्र दोन्ही कामांना पुरतं, फक्त धार बदलायची.

४८ बाय १८ बाय २४ इंची टाकी घ्या. गुणाकार करून ३४० लिटर येतात, खरं पाणी २८० च्या आसपास. हिरव्या पाण्यासाठी ताशी ५०० लिटरच्या धारेवर नऊ वॉटमधून १८ मिलीज्यूल मिळतात. जेमतेम, पण चालतं. अकरा-तेरा घेतले तर निवांत. रोगासाठी मात्र हे यंत्र मनातून काढून टाका. शंभराची मात्रा हवी तर धार ९० वर आणावी लागेल आणि टाकीला एक फेरी व्हायला तीन तास लागतील. अठरा वॉटचा लांब दिवा मोठ्या नळकांड्यात असेल तर ताशी पावणेतीनशे लिटरला ७५ च्या आसपास मात्रा मिळते, चोवीस किंवा छत्तीस वॉट घेतले तर शंभराच्या वर. आणि खरं सांगायचं तर घरच्या एका टाकीसाठी एवढा खर्च मला पटत नाही. त्या पैशात वेगळी टाकी, हीटर आणि औषध तिन्ही येतात. दुकान चालवणाऱ्यानं किंवा महागडे डिस्कस मासे पाळणाऱ्यानं तो खुशाल करावा.

पंपाची धार डब्यावरून वाचू नका. डब्यावरचा आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. दहा लिटरची बादली घ्या, यूव्हीच्या बाहेर पडणारी नळी तिच्यात सोडा, मोबाइलवर सेकंद मोजा. ३६,००० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी लिटर. बादली ७२ सेकंदांत भरली तर ५०० लिटर, दोन मिनिटांत भरली तर ३००. धार जास्त निघाली तर पंप बदलायची गरज नाही. यूव्हीच्या आधी टी जोडून थोडं पाणी सरळ टाकीत परत सोडा आणि एका कॉकनं उरलेली धार जुळवा.

बोअरचं पाणी आणि ती पांढरी पुटं

वरचा सगळा हिशोब नळी स्वच्छ आहे असं धरून केला. आपल्याकडे ती स्वच्छ राहत नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकात जडपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. गीझरच्या कॉइलवर आणि कूलरच्या जाळीवर जे पांढरं पुट बसतं, तेच क्वार्ट्झच्या नळीवर बसतं, कारण दिव्यामुळे ती नळी टाकीतली सगळ्यात गरम जागा असते. उन्हाळ्यात हे दुपटीनं होतं. बाहेर ४५ अंश, घरात कूलर आणि पंखा, टाकीतलं पाणी रोज बोटभर उडतं. आपण वरून बोअरचंच पाणी भरतो. उडताना नुसतं पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. मे महिना संपेपर्यंत टाकीतलं पाणी मूळ बोअरपेक्षाही जड झालेलं असतं.

नळीवरच्या थरानं निम्मी किरणं अडवली, आणि दिवा जुना होऊन साठ टक्क्यांवर आला, तर ३० ची मात्रा ९ वर येते. बाहेरून काहीच कळत नाही, निळा उजेड तसाच असतो. म्हणून जड पाणी वापरणाऱ्यानं दर महिन्याला नळी काढून बघावी. दिवा बंद, प्लग काढलेला, नळी थंड झालेली. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून किंवा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये नळी अर्धा तास ठेवा, मऊ कापडानं पुसा. घासणी नको, ओरखड्यांत क्षार अजून पक्के बसतात. उडालेल्या पाण्याची भर घालायला आरओचं पाणी वापरा, आठवड्याच्या पाणीबदलाला बोअरचं चालेल. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी मात्र गोड्या पाण्याच्या माशांना घालूच नये, तिथे नळाचंच घ्यावं आणि क्लोरीन उडायला एक दिवस उघडं ठेवावं.

टाकीत लाकूड किंवा बदामाची पानं टाकून पाणी चहासारखं केलं असेल तर तो रंगही यूव्ही-सी शोषतो. तिथे मात्रा किती उरेल याचा भरवसा नाही. एक तर रंग ठेवा, नाहीतर यूव्ही.

दिव्याचं आयुष्य साधारण ८,००० ते ९,००० तास, म्हणजे चोवीस तास चालवला तर वर्षभर. त्यानंतर तो पेटत राहतो, पण यूव्ही-सी बरंच उतरलेलं असतं. बसवताना चोकच्या डब्यावर मार्करनं तारीख लिहून ठेवा. विजेचा खर्च फार नाही. नऊ वॉट महिनाभर अखंड चालले तर साडेसहा युनिट. हिरव्या पाण्यासाठी तर पाणी निवळेपर्यंतच चालवला तरी पुरतं, त्यातून दिवाही वाचतो. पाणी तापेल ही शंका बरेच जण काढतात. नऊ-अकरा वॉटनं शंभर लिटरच्या पुढच्या टाकीत अंशभराचाही फरक जेमतेम पडतो, उन्हाळ्यात टाकी तापते ती खोलीमुळे. काळजी वेगळ्या गोष्टीची घ्या. शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना प्राणवायू खातं, आणि गरम पाण्यात तो आधीच कमी असतो. २५ अंशांना लिटरला सव्वाआठ मिलीग्रॅम, ३५ ला सातच्या आत. म्हणून एप्रिल-मेमध्ये यूव्ही सुरू केल्यावर हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा, आणि फिल्टरमधला कापूस दोन दिवसांआड धुवा, कारण मेलेलं शेवाळ तिथेच अडकतं.

लाइन, अर्थिंग आणि डोळे

गावातली लाइन दिवसातून चार वेळा जाते-येते. प्रत्येक वेळी दिवा नव्यानं पेटतो आणि थोडा झिजतो, त्याला इलाज नाही. खरा घोळ लाइन परत आल्यावर होतो. दिवा पेटतो, पण पंपात हवा अडकून पाणी येत नाही. नळकांड्यातलं पाणी खूप तापतं, कधी नळीला तडा जातो. म्हणून पंप आणि यूव्ही एकाच बोर्डावर घ्या, यूव्हीचं बाहेर जाणारं तोंड वरच्या बाजूला ठेवा म्हणजे हवा निघून जाते, आणि लाइन आल्यावर एकदा धार बघायची सवय लावा. इन्व्हर्टरवर फक्त हवेचा पंप ठेवा, यूव्ही काही तास बंद राहिला तर काही बिघडत नाही. संध्याकाळी व्होल्टेज फार उतरत असेल तर चोक इलेक्ट्रॉनिक आहे ना ते विचारून घ्या, जुन्या जड चोकवर दिवा फडफडत राहतो.

प्रकार मुख्यतः दोन मिळतात. बाहेर लावायचा, कॅनिस्टर फिल्टरच्या (टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरच्या) परतीच्या नळीत जोडायचा, आणि पाण्यात बुडवायचा, छोट्या पंपासकट. बाहेरचा साफ करायला सोपा, जड पाण्यासाठी मी तोच सांगेन. बुडवायचा स्वस्त, पण त्याची नळी फुटली की वीज सरळ पाण्यात. जिथे अर्थिंगची पट्टी नुसती भिंतीपर्यंत आलेली आहे आणि पुढे कुठे गेली हे कुणालाच माहीत नाही, अशा घरात बुडवायचा यूव्ही लावण्याआधी अर्थिंग करून घ्या आणि बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवा. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागवायचं नाही.

यूव्ही म्हणून निळे-जांभळे एलईडीही विकले जातात. त्यावर ३९५ नॅनोमीटर किंवा तसा आकडा लिहिलेला असेल तर तो नोटा तपासायच्या कामाचा, जंतूंना त्यानं काही होत नाही. २५४ लिहिलेलं हवं. दिवा दोन पिनांचा की चार पिनांचा हेही बघून घ्या आणि तोच सुटा दिवा मागवता येतो का ते यंत्र घेण्याआधी विचारा. वर्षभरानं दिवा मिळाला नाही तर चांगलं यंत्रही अडगळीत जातं.

उघडा दिवा पेटवून बघायचा नाही, पोरांना दाखवायचा नाही. वेल्डिंगकडे बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ना, तेच होतं, कारण किरणं तीच. टाकीची काच ही किरणं अडवते, म्हणून बाजूनं बघायला हरकत नाही, पण वरून उघड्या पाण्यातून डोकावू नका. जुना दिवा फुटला तर खोलीतले पंखे बंद करून दारं-खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, पंधरा-वीस मिनिटांनी कागदाच्या पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा. झाडूनं झाडू नका, पारा पसरतो. आणि ती बरणी उकिरड्यावर किंवा विहिरीकाठी नको, तालुक्याच्या गावी ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.